नीलवेणीचा ठावठिकाणा

यंदा होळीच्या आधीच पुंडलिकनगरात टँकर फिरायला लागले. नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही करंगळीएवढं. गल्लीच्या तोंडाशी टँकर वळला की त्याच्या मागून रस्त्यावर ओलाव्याची एक बारीक रेघ उमटत येते आणि ती वाळायच्या आत बायका हंडे, ड्रम, रंगाचे रिकामे डबे घेऊन बाहेर पडतात. मी निवृत्त बाई, गॅलरीत खुर्ची टाकून बघत बसते. माझा नंबर आला की खालची शेजारीण हाक मारते.

असा उन्हाळा आला की मला एक बोट आठवते. कुणाला सांगितलं तर हसेल. या शहरापासून समुद्र एका दिवसाच्या प्रवासावर. इथल्या धरणाच्या पाण्याला, नाथसागराला, आम्ही कौतुकानं सागर म्हणतो खरं, पण मी सांगते आहे त्या वर्षी त्याच्याही पोटातली जुनी देवळं उघडी पडली होती. तरी एका बोटीची मापं मला आजही तोंडपाठ आहेत. लांबी अठ्ठावीस मीटर. रुंदी साडेनऊ. पाण्यात बसते पावणेचार मीटर. ओढायची ताकद चाळीस टन. तिचा सात आकडी नंबर तर मी झोपेतही सांगेन.

ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. मी गारखेड्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला शिकायला होती, आणि घरात मी एकटी. आमच्या घराशेजारी एक मोकळा प्लॉट होता. त्यात एक कडुलिंब, दोन बाभळी आणि लोकांनी फेकलेला राडारोडा. त्या वर्षी तिथं चार मजली इमारत उभी राहायला लागली. आधी बोअरची गाडी आली. तीन दिवस घरघर चालली, माझ्या तुळशीवर पांढरी भुकटी बसली, आणि पाणी काही लागलं नाही. मग बांधकामालाही टँकरच. खांब उभे राहिले, त्यांना गोणपाटं गुंडाळली आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मारायला एक बाई दिसायला लागली. माणसांना आठवड्यानं पाणी मिळत होतं, सिमेंटला दिवसातून दोनदा. मला राग यायचा. पण पाणी मारणारी ती बाई पाइप इतका जपून धरायची, एकही थेंब खांबाबाहेर जाऊ द्यायची नाही, की तिच्यावर रागावता येत नसे.

तिचं नाव गयाबाई. वैजापूरकडच्या एका खेड्यातली धनगर. नवरा मागेच वारलेला. साठ-सत्तर मेंढरं होती, ती त्या हिवाळ्यात विकावी लागली. चारा नाही, पाणी नाही, आणि सरकारी छावणीत घ्यायचे ते गाई-बैल, मेंढरं नव्हेत. जावई या बांधकामावर वॉचमन होता, म्हणून ती लेकीकडे, सुनीताकडे, पत्र्याच्या खोलीत राहायला आली होती. मेंढरांमागे दिवसाला दहा कोस चालणारी बाई आता चार खांबांभोवती फिरत होती.

एकदा संध्याकाळी मी शाळेतून येताना तिनं मला फाटकाशी गाठलं.

‘बाई, तुमी भूगोल शिकिवता म्हणं?’

‘हो.’

‘मंग समुद्राचं ठावं आसंल तुमाला.’

खरं सांगायचं तर मी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता. एकदा लग्नानंतर, एकदा शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही सगळा वेळ मुली मोजण्यात गेला होता. तरी मी हो म्हटलं. तिनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. त्यावर इंग्रजीत बोटीचं नाव लिहिलेलं होतं, नीलवेणी, आणि खाली तो सात आकडी नंबर. अक्षर टपोरं, शाळेत शुद्धलेखनाला मार्क मिळवणाऱ्या मुलाचं.

‘माजा पोरगा हाय तिच्यावर. मच्छिंदर. त्यो म्हनला, कुनाकडं काम्पुटर आसंल तर बोट कुठं हाय ते दिसतं. खरं का वो?’

मलाही नवल वाटलं. तिला घेऊन वर आले. ती चप्पल जिन्याखालीच काढून आली, पदरानं तळपाय पुसले आणि कॉम्प्युटरच्या टेबलाशी जमिनीवर बसली. स्टूल दिलं तर नको म्हणाली. नावानं शोधलं तर तीन-चार बोटी निघाल्या. नंबर टाकला आणि एकच उरली. निळ्या नकाशावर, गुजरातच्या किनाऱ्याला एका बंदराच्या कुशीत, एक लहानसा वाटोळा ठिपका.

‘ही.’

गयाबाई उठून उभी राहिली. पडद्यापाशी तोंड नेलं. बराच वेळ ती त्या ठिपक्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘एवढुशी?’

मी तिला त्याच पानावरचा बोटीचा फोटो दाखवला. काळं-पिवळं अंग, ठेंगणी, रुंद छातीची, आणि पुढच्या तोंडाला जुन्या टायरांची माळ. शेजारच्या जहाजापुढे ती खेळण्यातली दिसत होती.

‘टायरी कशापायी?’

‘मोठ्या जहाजाला ढकलताना धक्का लागू नये म्हणून. एवढं मोठं जहाज आपलं आपण बंदराच्या धक्क्याला लागू शकत नाही. ही त्याला ओढत आणते, बाजूनं रेटते, जागेवर लावते.’

ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होते. ‘म्हंजे मेंढक्याचंच काम की वो ते! मला वाटलं, पोरगं काय नवंच शिकलं.’

त्या दिवसापासून रोज पाच वाजता, खांबांना पाणी मारून झालं की, गयाबाई वर यायची. वीज असली तर लगेच, नसली तर वाट बघत आम्ही दोघी गॅलरीत बसायचो. मी चहा करायची. ती अर्धाच कप घ्यायची, ‘पानी कमी लागू द्या’ म्हणून. मग नंबर टाकायचा. बोट बांधलेली असली की ठिपका वाटोळा दिसे, निघाली की त्याला बाणासारखं टोक येई. हे तिला दोनच दिवसांत कळलं. ठिपका वाटोळा दिसला की म्हणायची, ‘बसला आसंल जेवाया.’ टोक आलं की, ‘लागलं लेकरू कामाला.’ वेग किती, तोंड कुठल्या दिशेला, मी वाचून दाखवी. तिला आकडे आवडत. तिच्या मेंढरांची तिला अशीच बारीक माहिती असणार: कुठलं किती दुधाचं, कुठलं डाव्या पायानं अधू, कुठलं कळपाच्या पुढे पळणारं.

‘पान्यात किती बसती म्हनला?’

‘पावणेचार मीटर. बारा फूट.’

तिनं हात डोक्यावर उंच केला, मनात मोजलं. ‘दोन परस.’ विहिरीचं पाणी त्यांच्याकडे परसात मोजतात. माणसानं उभं राहून हात वर केला की एक परस. मी बत्तीस वर्षं मुलांना मीटर शिकवले, पण खोली मला त्या दिवशी तिच्या हातात दिसली.

मच्छिंद्रशी मी एकदाच बोलले. रविवारी तो सुनीताच्या फोनवर फोन करायचा. एका रविवारी गयाबाई फोन घेऊन धावत वर आली आणि माझ्या हातात दिला. आवाज कोवळा, घाईचा, मागे इंजिनाची घरघर. वैजापूरला दहावी झाली, मग मुंबईला खलाशाचा कोर्स, मग ही नोकरी. त्याचं काम दोराचं. मोठ्या जहाजावरून फेकलेला दोर पकडायचा, हुकात अडकवायचा, काम झालं की सोडायचा.

‘मॅडम, तुम्ही रोज बघता म्हणं. लई बरं वाटतं. पाच वाजले का मी बाहेर येऊन उभा राहतो. म्हणलं, आई बघत आसंल.’

मी हसले. त्याला म्हटलं, तू दिसत नाहीस रे, बोटच दिसते.

‘तेवढंच लई हाय.’ मग त्याचा आवाज खाली आला. ‘एक सांगू का मॅडम? कधीमधी सिग्नल जातो. मशीन बंद पडतं, नायतर नेट नसतं. बोट दिसत नाय मग. आई लई घाबरट हाय, दिसत नाही असं सांगू नका तिला. बंदरातच हाय म्हणून सांगा. एवढं करा.’

‘बरं,’ मी म्हणाले. एवढ्या लहान शब्दानं माणूस किती बांधला जातो.

त्यानंतर खरंच एकदा सिग्नल गेला. एक अख्खा दिवस. मी सांगितलं, बंदरातच आहे, आणि दुसऱ्या दिवशी ठिपका जागच्या जागी होता. माझ्या खोट्याचं काही वाईट झालं नाही. उलट मला वाटलं, आपण दोघांच्या मधे उभं राहून एक चांगलं काम करतो आहोत.

त्या दिवसांबद्दल विचार करते तेव्हा वाटतं, मी सुखात होते. बाहेर सगळं करपलेलं. कडुलिंबाखाली गवंड्यांची पोरं झोपलेली, मिक्सरचा आवाज, ओल्या गोणपाटाचा आणि तापलेल्या सळईचा वास. शहर चहूबाजूंनी वाढत होतं. बीड बायपासच्या पलीकडे शेतं होती तिथं चुन्याच्या रेघा पडल्या होत्या. आणि या सगळ्यात पाच वाजता माझ्या खोलीत एक निळा चौकोन उजळायचा. अक्षांश-रेखांश म्हणजे माझ्यासाठी आजवर प्रश्नपत्रिकेतल्या रेघा. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्यांच्यावर एक माणूस उभा होता. माझी मुलगी पुण्यात काय खाते, कधी झोपते, हे मला ठाऊक नव्हतं. मच्छिंद्रची बोट सकाळी सातला सुटली आणि साडेअकराला परतली, हे ठाऊक होतं.

जून उजाडला. मृग तोंडावर आला तरी आमचं आभाळ कोरडं ठणठणीत. तिकडे समुद्र मात्र खवळायला लागला होता. बातम्यांत लाटा दाखवायचे आणि गयाबाई विचारायची, ‘हे आपल्याच देशात हाय का?’

त्या दिवशी पाच वाजता नंबर टाकला तर बोट बंदराच्या बाहेर, थोड्या अंतरावर दिसत होती. खाली लिहिलेलं: शेवटचा संकेत, चौदा तासांपूर्वी. ठिपका जुना होता.

‘कुठं हाय?’

‘बंदरातच आहे,’ मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं. मशीन बंद पडलं असेल, बोट मागाहून परतली असेल.

दुसऱ्या दिवशी मी ती यायच्या आधीच बघून घेतलं. नीलवेणी नकाशावर नव्हती. संकेत चोवीस तासांहून जुना झाल्यामुळे खूणच पुसली गेली होती. पण काल ती जिथं होती त्या जागी पाच-सहा दुसऱ्या बोटी जमल्या होत्या. सगळ्यांना टोकं होती, म्हणजे सगळ्या चालत होत्या, आणि सगळ्यांचा वेग अगदी कमी. एकीचं तोंड उत्तरेला, एकीचं दक्षिणेला. त्या कुठंही जात नव्हत्या, त्याच जागेभोवती फिरत होत्या. नकाशा वाचणं हे माझं आयुष्यभराचं काम. मी तो नकाशा वाचला होता की नव्हता, हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलं आहे. मला वाटतं, वाचला होता. पुढच्या ओळीपर्यंत जायची माझी छाती झाली नाही, इतकंच.

गयाबाई आली. तिनं पदरानं पाय पुसले. मी नकाशा बंद करायच्या आत तिनं पडद्याकडे पाहिलं.

‘ह्या कोन्त्या?’

‘दुसऱ्या बोटी आहेत.’

‘अन आपली?’

‘आपली बंदरात. आज सुट्टी असेल तिला.’

ती त्या फिरणाऱ्या बोटींकडे बघत राहिली. ‘लई जमल्यात,’ ती समाधानानं म्हणाली. ‘सोबत हाय म्हनायची.’

मी म्हणाले, ‘हो.’

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मच्छिंद्रचा चुलता आला. नोकरीच्या फॉर्मवर मच्छिंद्रनं त्याचाच फोन नंबर दिला होता, आणि तो स्वतःची उरलीसुरली मेंढरं घेऊन गोदाकाठी रानात होता. फोन चार्ज करायला दोन दिवसांनी गावात आला तेव्हा निरोप मिळाला. मी शाळेत निघायच्या तयारीत होते. आधी मिक्सर थांबला. मग एक आवाज आला. तो सुनीताचा होता. गयाबाईचा आवाज मी ऐकलाच नाही. खाली गेले तेव्हा ती अर्ध्या भिजलेल्या खांबाला टेकून बसली होती आणि हातातला पाइप तसाच वाहत होता. तिच्या हातून पाणी वाया गेलेलं मी तेव्हाच पाहिलं. कुणी तरी जाऊन चावी बंद केली.

जावई आणि चुलता त्याच दुपारी निघाले. तिला नेलं नाही. पाचव्या दिवशी कोळ्यांना मच्छिंद्र सापडला. आणण्यासारखा नव्हता, म्हणून तिथंच किनाऱ्यावर सगळं उरकलं. जावई परत आला तो मच्छिंद्रचं ओळखपत्र, बंदरातल्या खोलीवर राहिलेले दोन शर्ट आणि मोबाईलचा चार्जर घेऊन. पत्र्याच्या खोलीबाहेर आम्ही सगळे जमिनीवर बसलो होतो. तो सांगत होता. एक मोठा तराफा ओढत होते. लाट मोठी. तराफा एका बाजूला भरकटला आणि दोराचा ताण आडवा आला. असं झालं की हूक सोडायचा असतो, लगेच. हूक सुटला नाही. मच्छिंद्र त्याच्याशी झटत होता. बोट कलंडली ती मिनिटाच्या आत. सात जणांतले चार वर आले.

गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘तिथं पानी किती व्हतं?’

‘साठ फूट, आत्या.’

‘आपली हीर बी साठ फूटच हाय,’ ती म्हणाली. ‘त्याच्या बापानं खोदली. तिच्यात चूळ भराया पानी नाय.’

तिच्याकडे बघवत नव्हतं. मी मान खाली घातली आणि घरी आले.

तेराव्यानंतर ती वर आली. पाच वाजले नव्हते, सकाळ होती. पाय पुसले नाहीत, बसली नाही. दारातच उभी राहिली.

‘बाई, खरं सांगा. तुमाला ठावं व्हतं?’

‘बोट दिसत नव्हती हे ठाऊक होतं. बुडाली हे ठाऊक नव्हतं.’

‘मंग बंदरात हाय म्हणून का सांगितलं?’

मी सांगितलं. त्यानंच तसं सांगायला सांगितलं होतं, म्हटलं. सांगताना माझी मलाच लाज वाटली, गेलेल्या पोरावर ढकलल्यासारखी.

‘त्ये पोरगं व्हतं,’ गयाबाई म्हणाली. ‘तुमी तर बाई व्हता.’

मी स्टूल पुढे सरकवलं.

‘दोन दिस मी जेवले, बाई.’ तिचा आवाज चढला नाही, फुटलाही नाही. ‘पिठलं-भाकर खाल्ली. सुनीच्या पोरीसंगं हासले. झोपले. अन तकडं त्यो पान्यात. मला म्हाईत आसतं तर म्या काय केलं आसतं? काय बी नाय. पर जेवले नसते.’

ती जिना उतरून गेली. महिन्याभरानं गावाकडे गेल्याचं कळलं. त्या वर्षीही पाऊस झाला नाही. इमारत मात्र पुरी झाली. खालच्या मजल्यावर दवाखाना आला, वर बिऱ्हाडं आली, खांबांवर रंग बसला. कडुलिंब गेला. सुनीता आणि जावई दुसऱ्या साईटवर गेले, मग तिसऱ्या. मी वर्गात ‘भारतातील प्रमुख बंदरे’ हा धडा शिकवायची वेळ आली की मुलांना वाचायला लावायची आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहायची.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. मी दुष्टाव्यानं खोटं बोलले नव्हते. माझ्या मुलीनं तर मला फोनवर कितीदा समजावलं. पण दुःख ज्याचं त्याला वेळेवर मिळावं लागतं, हे मला तोवर कळलं नव्हतं. मी तिचे दोन दिवस चोरले. ते परत द्यायची सोय नाही.

यंदा मार्चमध्ये, एका दुपारी खाली टँकर रिकामा होत असताना, काय वाटलं कुणास ठाऊक, मी मोबाईलवर तो नंबर टाकला. इतक्या वर्षांत एकदाही टाकला नव्हता. पडदा क्षणभर पांढरा राहिला आणि मग नकाशा उघडला. पूर्वेचा किनारा. दुसरंच बंदर. आणि एक ठिपका. त्याला टोक होतं.

आधी वाटलं, माझा आकडा चुकला. पुन्हा टाकला. नाव वेगळं, मालक वेगळा, पण नंबर तोच. बोटीचं नाव बदलतं, नंबर बदलत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. लांबी अठ्ठावीस मीटर. रुंदी साडेनऊ. पाण्यात पावणेचार. फोटोत अंग लाल-पांढरं, टायरांची माळ तशीच. वेग ताशी सहा सागरी मैल. शेवटचा संकेत दोन मिनिटांपूर्वीचा. तिला वर काढलं होतं, धुतलं होतं, नवी इंजिनं घातली असतील, आणि ती कामाला लागली होती.

खालून शेजारणीनं हाक मारली. मी ओ दिली नाही. त्या दिवशी माझं पाणी गेलं.

आठ दिवस मी ते मनात ठेवलं. सांगावं की नाही? गयाबाई आता सुनीताकडेच असते, हे मला गारखेड्याच्या भाजी बाजारात सुनीता भेटली तेव्हा कळलं होतं. बीड बायपासच्या पलीकडे त्यांनी स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या आहेत. हे ऐकून त्या बाईला काय मिळणार? जुनी जखम उकरून मलाच मोकळं व्हायचं होतं का? पण न सांगायचं कसं, हे एकदा करून झालं होतं. नवव्या दिवशी रिक्षा करून गेले.

गयाबाई दारात पोत्यावर बसून गहू निवडत होती. केस पांढरेशुभ्र, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी हाक मारली तशी तिनं मान वर केली आणि आवाजावरून ओळखलं. ‘बाई?’ मग सुनीताला म्हणाली, ‘पानी दी बाईला.’ इतक्या वर्षांनी, एवढंच.

मी पाणी प्यायले आणि सांगून टाकलं. ‘गयाबाई, तुमच्यापासून पुन्हा काही लपवायचं नाही म्हणून आले. ती बोट वर काढली आहे. दुरुस्त केली. नाव बदललं. ती चालू आहे, मी पाहिली.’

सुनीताच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ‘कशाला वो बाई सांगता आता?’ ती चिडून म्हणाली. ‘आत्ता कुठं जरा...’

‘सांगू दी,’ गयाबाई म्हणाली. सुपातल्या गव्हावर तिची बोटं थांबली होती. बायपासवरून ट्रक जात होते, एकामागून एक.

‘नवी पोरं हायेत का तिच्यावर?’

‘असणारच. सात-आठ जण.’

‘त्यान्ला ठावं हाय का, ही एकडाव उलटली म्हणून?’

‘मला नाही सांगता येणार.’

‘नाव बदललंय म्हंजे नसंलच. मंग सांगा त्यान्ला.’

मी तिला समजावलं. बोट कुठं आहे ते दिसतं, किती लांब, किती जड, किती वेगात, सगळं दिसतं. तिच्यावर कोण आहे ते दिसत नाही. माणसांची नावं तिथं नसतात.

‘नावं कशाला पायजेत? बोटीच्या नावानं कागद धाडा. त्या बंदरात. कुनीतरी दील.’

सुनीता आतून वही घेऊन आली. तिच्या मुलीची, कॉलेजची वही. मधलं पान फाडून दिलं. गयाबाई सांगत गेली आणि मी लिहीत गेले. एक शब्द बदलला नाही.

‘पोरांनो, तुमची बोट आधी एकदा उलटली हाय. तवा तिचं नाव दुसरं व्हतं. माजा मच्छिंदर तिच्यावर व्हता. दोराचा हूक सुटला नाय म्हणून त्यो गेला. तुमी रोज कामाला लागायच्या आधी त्यो हूक सुटतो का ते आपल्या हातानं वढून बघा. दुसऱ्यानं बघितला म्हणून सोडू नका. सुटत नसंल तर मालकाला सांगा, अन मालक ऐकंना तर बोटीवर चढू नका. जाकीट घालत जा. उकडलं तरी काढू नका.’

ती थांबली. मी वर पाहिलं.

‘त्यान्ला मराठी येतं का पर?’

‘येत नसेल. त्या बाजूची मुलं असतील.’

‘मंग हिंदीत बी लिवा.’

‘लिहिते. खाली तुमचं नाव घालू?’

‘नाव काय करायचंय. आई लिवा नुसतं.’

‘आई, कुणाची?’ मी विचारलं. मला वाटलं, मच्छिंद्रची म्हणेल.

तिनं सूप मांडीवर ओढून घेतलं. ‘जो वाचील त्याची.’

मी तसं लिहिलं. सुनीता आत निघून गेली. मग वहीचं दुसरं पान फाडून घेतलं आणि तेच सगळं हिंदीत लिहायला बसले.